काडी लावून पाहिलेला धागा

गल्ली नंबर सहा. दुपार.
उज्ज्वलने माझ्या मशीनवर तो अंगरखा टाकला
तेव्हा वाटलं, नाटकातला असेल.
निळा, गळ्यापासून घोट्यापर्यंत एकच,
गुडघ्यावर चार बोटं फाटलेला,
आणि फाटीतून दिसणारं आणखी एक कापड,
त्याच्याही आत आणखी एक.
"मावशी, रविवारी लळिंगजवळ रेस शे.
एवढा टाका मारी दे."

चव्वेचाळीस डिग्रीत धुळ्याचा माणूस
बनियनसुद्धा खुंटीला लावतो,
आणि हा तीन थरांत स्वतःला कोंडून
पत्र्याच्या डब्यात बसणार.
मी हसले. माप पाहिलं, तर ढगळ.
"आवळून देऊ का?" नको म्हणाला,
थरांच्या मधली हवाच वाचवते.
चाळीस वर्षं मी कपड्यातून हवा काढतेय.

बाप सांगायचा, कापड तोंडानं बोलत नाही,
काडी लावून विचारावं.
आतल्या शिवणीतून एक धागा ओढला.
सुती असता तर कागद जळाल्याचा वास, मऊ राख.
हा नुसता काळवंडला, ताठ झाला,
आणि काडी विझली तसा विझला.
मग माझ्या रिळातला घेतला,
निळ्याला निळा, उन्हात धरूनही फरक दिसू नये असा.
तो आखडला, पेटला,
फरशीवर टपकन पडला,
गार होऊन काळा मणी झाला.

"नहीं भो. यानं शिवलं तर
आग माझ्याच टाक्यांच्या वाटेनं आत येईल."

चिडला. एवढासा तर धागा, म्हणे.

एवढासाच होता.
सत्त्याऐंशी साली एरंडोलला इंदूचा स्टोव्ह भडकला,
अंगावर नवी नायलॉनची साडी.
दवाखान्यात कापड कुठं संपतं
आणि बहीण कुठं सुरू होते
हे डॉक्टरलाही सांगता येईना.
फॉल मी लावला होता.

हे त्याला सांगितलं नाही. चहा मागवला.
तो बसला, आणि बराच वेळ बोलत राहिला.
हेल्मेट हातातून एकदा जरी आपटलं, वरून चरा नसला,
तरी पुन्हा डोक्यावर चढवायचं नाही.
माठ वाजवला की कळतो. हे वाजवूनही कळत नाही.
मानेला काळा जू असतो,
गाडी थांबली तरी डोकं पुढे पळू नये म्हणून.

"आणि या खांद्यावरच्या पट्ट्या? हवालदारासारख्या?"
"शोभेच्या नाहीत, मावशी.
शुद्ध गेली तर यांना धरून
बाहेर ओढतात."
मी पट्टी मुठीत धरली, जोर लावून ओढली.
शिवणारा कोण होता, कुठल्या गावचा, देव जाणे.
हात मात्र चांगला होता.

तेवढ्यात दारात सुपडू. त्यांचा मेकॅनिक,
वीस लिटरचा डबा स्कूटरला बांधलेला,
अंगात चकचकीत टेरिलिनचा शर्ट, लग्नातला.
"तुझा अंगरखा रे?"
"मी कोठे गाडीमा बसस, मावशी?
मी ते फक्त पेट्रोल भरस."

फक्त.

उज्ज्वल खाली बघायला लागला.

अंगरखा पुण्याला गेला, तसला धागा असणाऱ्याकडे.
रात्री मी मांजरपाटाचा एक ठाण उलगडला.
सुतीही जळतंच, उज्ज्वलला बजावलं,
चिकटत नाही इतकंच,
पुढच्या महिन्यात सुपडूलाही खरा आणायचा.
मनगटापर्यंत बाह्या, बटणं लाकडी,
रीळ सुती.

रविवारी पांढऱ्या फुफाट्यात उभी राहिले, पदर नाकाला.
उज्ज्वलची गाडी आलीच नाही शर्यतीत.
तो दुसऱ्याच गाडीच्या मागे,
आगीचा लाल नळकांडा दोन्ही हातांनी धरून,
आणि त्याच्यापुढे वाकून सुपडू पेट्रोल ओतत होता.
पोरं त्याला चिडवत होती,
काय रे, भरती झालास का पोलिसात?
त्याच्या खांद्यांवर पट्ट्या होत्या,
तिहेरी टाक्याच्या.

काही पेटलं नाही त्या दिवशी.
तो काळा मणी अजून
माझ्या सुयांच्या डबीत आहे.